‘नाही’ आणि ‘नोंद नाही’ : प्रोलॉग भाषेच्या प्रमाणीकरणाची गोष्ट

संगणकाला विचारले, ‘अमक्याचे शेत या शिवारात आहे का?’ आणि उत्तर आले, ‘नाही’. या ‘नाही’चे दोन अर्थ संभवतात. पहिला असा, की सगळी नोंदवही चाळली आणि तिच्यात ते शेत सापडले नाही. दुसरा असा, की शेतांची नोंदवही नावाची वस्तू यंत्राला कुणी दिलेलीच नाही. माणूस बोलताना हा फरक सुरावरून दाखवतो. यंत्राला सूर नसतो. १९७२च्या सुमारास जन्मलेल्या प्रोलॉग या संगणकभाषेच्या वेगवेगळ्या अवतारांमध्ये या साध्या मुद्द्यावर दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. ती आणण्यासाठी फ्रेंच, ब्रिटिश आणि इतर देशांतली मंडळी वर्षानुवर्षे समित्यांमध्ये बसली आणि १९९५मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक निघाले. त्या मानकाने काय साधले आणि काय साधले नाही, हा या लेखाचा विषय आहे.

मी धानोऱ्याचा. गडचिरोलीहून पूर्वेला, मुरूमगाववरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. संगणकशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय. धानोरा आणि प्रोलॉग यांचा परस्परांशी संबंध काय, असे कुणीही विचारील. पण ‘नोंद नाही म्हणजे हक्क नाही’ हे वाक्य ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले, तिथल्या माणसाला प्रोलॉगमधला हा वाद केवळ तांत्रिक वाटणे अवघड आहे.

प्रोलॉग समजून घ्यायला आमच्याच भागातले उदाहरण घेतो. पाठ्यपुस्तकांतून आई-बाप-आजोबांची उदाहरणे असतात. ती इंग्रजी नात्यांवर बेतलेली असल्याने मामा, काका, मावसा असे सगळे एकाच शब्दात कोंबलेले असतात. गोंड समाजातला सोयरिकीचा नियम त्याहून कितीतरी रेखीव आहे. कुळे देवांच्या संख्येनुसार विभागलेली असतात : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच संख्येचे देव असलेली कुळे एकमेकांची भाऊबंद मानली जातात आणि भाऊबंदांत लग्न होत नाही. तपशील भागाभागात बदलतो, पण गाभा हाच. गावातल्या कुठल्याही जाणत्या म्हाताऱ्याला दोन कुळांची नावे सांगा, तो क्षणात सांगेल की सोयरीक जमते की नाही.

इतर संगणकभाषांत हे काम करून घ्यायचे तर यंत्राला पायऱ्या सांगाव्या लागतात : आधी ही यादी उघड, मग ते नाव शोध, मग तुलना कर. प्रोलॉगमध्ये पायऱ्या सांगायच्या नसतात, काय खरे आहे ते सांगायचे असते. अमुक कुळाचे देव सात, तमुक कुळाचे सहा, ही झाली विधाने. दोन कुळांचे देव सारखे असतील तर ती भाऊबंद, आणि भाऊबंद नसतील तर सोयरीक जमते, हे झाले नियम. त्यानंतर फक्त प्रश्न विचारायचा. उत्तर शोधण्याचे काम यंत्राचे. मुख्य म्हणजे प्रश्न उलटाही विचारता येतो : ‘या कुळाची सोयरीक कुणाकुणाशी जमते?’ नियम तोच, शब्दही तेच, आणि यंत्र एकामागून एक नावे काढून देते. पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी हमखास चकित होतो.

ही कल्पना दोन ठिकाणी मिळून घडली. फ्रान्समधील मार्सेय येथे अलँ कोल्मेरोअर यांना यंत्राशी फ्रेंच भाषेतून संवाद साधायचा होता. त्याआधी त्यांनी कॅनडात मॉन्ट्रियलला यांत्रिक भाषांतरावर काम केले होते. म्हणजे प्रोलॉगचा उगम व्याकरणाच्या चिंतेतून झाला, गणिते सोडवण्याच्या गरजेतून नव्हे. साहित्याच्या वाचकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. दुसरीकडे एडिंबरोमध्ये रॉबर्ट कोवाल्स्की तर्कशास्त्रातील सिद्धतेची पद्धतच संगणकाची कार्यपद्धती म्हणून वापरता येईल का, याचा विचार करत होते. कोल्मेरोअर आणि त्यांचे सहकारी फिलिप रूसेल यांनी पहिली प्रणाली उभी केली. ‘प्रोलॉग’ हे नाव रूसेल यांच्या पत्नीने सुचवले, ‘तर्कातून प्रोग्रॅमिंग’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा संक्षेप म्हणून.

इथून पुढे एका भाषेच्या दोन बोली झाल्या. एडिंबरोत डेव्हिड वॉरन यांनी, लुईस परेरा आणि फर्नांडो परेरा यांच्या साथीने, १९७७मध्ये डेक-१० या यंत्रासाठी प्रोलॉगचा कंपायलर तयार केला. तो इतका वेगवान होता की ही भाषा केवळ तात्त्विक खेळ नाही, हे जगाला पटले. १९८१मध्ये क्लॉक्सिन आणि मेलिश यांचे पाठ्यपुस्तक आले आणि एडिंबरोची बोली घरोघरी पोहोचली. मार्सेयने १९८२च्या सुमारास आपला ‘प्रोलॉग दोन’ काढला. त्याचे चिन्हलेखन वेगळे, चलांची नावे लिहिण्याची रीत वेगळी, आणि एडिंबरोत नसलेल्या काही सुंदर सोयीही त्यात होत्या. त्याच वर्षी जपानने ‘पाचव्या पिढीचा संगणक’ हा दहा वर्षांचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प सुरू करून तर्काधिष्ठित भाषांवर भिस्त ठेवली, आणि एकाएकी जगभर प्रोलॉगला मागणी आली. (त्याच १९८२च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरमधून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. योगायोग एवढाच.)

भारतातही ही लाट आली. १९८६च्या सुमारास केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणाली’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या केंद्रांपैकी दोन मुंबईत होती : टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तिच्यातूनच निघालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था. डिसेंबर १९८९मध्ये या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. मोठ्या संस्थांत असे संशोधन चालले असताना मी शिकलो त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बोरलँड कंपनीचा ‘टर्बो प्रोलॉग’ होता. १९८६मध्ये बाजारात आलेला हा प्रकार साध्या घरगुती संगणकावर वेगाने चालायचा. पण त्यात प्रत्येक विधानाचा प्रकार आधी जाहीर करावा लागे आणि प्रोग्रॅमचे ठरावीक विभाग पाडावे लागत. त्यात लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोलॉगमध्ये जसाच्या तसा चालत नसे, आणि दुसरीकडचा यात चालत नसे. नाव एक, घराणे वेगळे.

मराठी वाचकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२मध्ये शासनाने मान्य केले, १९७२मध्ये आणखी चार आले. त्याआधी एकच शब्द दोन प्रकाशकांकडे दोन तऱ्हांनी छापला जाई. पण ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी वाचक अर्थ लावतो. संगणकभाषेत तसे नाही. तिथे चिन्ह बदलले की प्रोग्रॅम अडतो. आणि अडला तर बरेच म्हणायचे, कारण खरे संकट तो न अडता वेगळे उत्तर देतो तेव्हा येते.

अशा मूक फरकांची काही उदाहरणे मासल्यादाखल सांगतो. उणे सातला दोनने भागून पूर्णांक उत्तर मागितले तर काही प्रणाली उणे तीन म्हणत, काही उणे चार. शून्याच्या दिशेने जायचे की खाली उतरायचे, एवढाच प्रश्न. १९९५च्या मानकाने यावर निर्णय दिला नाही. प्रणालीने आपण काय करतो ते जाहीर करावे, एवढेच सांगितले. खालच्या दिशेनेच उतरणारी वेगळी क्रिया २०१२च्या दुरुस्तीत आली. दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे काय, यावर तर आजही एकमत नाही. कुणी त्याला अक्षरांच्या संकेतांकांची यादी समजते, कुणी अक्षरांची यादी. मानकाने तीन पर्याय दिले आणि निवड प्रणालीवर सोपवली.

अधिक रंजक वाद दुसरा आहे. समजा खानेसुमारीचा कर्मचारी घरांच्या यादीवरून एकेका घरी जातो आहे आणि प्रत्येक घरी गेल्यावर यादीच्या शेवटी एक नवे घर जोडतो आहे. त्याची फेरी कधी संपेल? फेरी सुरू करताना जी यादी हाती होती तेवढीच तो पुरी करणार असेल, तर संपेल. नव्याने जोडलेली घरेही आपोआप त्याच फेरीत धरणार असेल, तर तो मरेपर्यंत चालत राहील. जुन्या प्रोलॉगांमध्ये दोन्ही प्रकारचे कर्मचारी होते. काही प्रणालींत तर तो या दोहोंपैकी नेमका कुठला आहे, हे यादी किती लांब आहे यावर अवलंबून असे. १९८७मध्ये लिंडहोम आणि ओ’कीफ यांनी पहिला अर्थ काटेकोरपणे मांडला, तो वेगाने राबवताही येतो हे दाखवले, आणि मानकाने तोच स्वीकारला. माझ्या मते मानकाच्या कमाईत हा निर्णय वरच्या जागी आहे, कारण इथे समितीने ‘ज्याचे त्याने ठरवावे’ असे म्हटले नाही.

मानकाचे काम ब्रिटिश मानक संस्थेत १९८४च्या सुमारास सुरू झाले. फ्रेंच मंडळी सामील झाली आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या कार्यगटाकडे गेले. ब्रिटिशांच्या बाजूने रॉजर स्कोवेन आणि फ्रेंचांच्या बाजूने पिएर देरांसार ही नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. पेच उघड होता. जे चालत आले आहे ते लिहून काढायचे, की जे शुद्ध आहे ते ठरवायचे? चालत आलेले लिहावे तर विसंगती कायम राहतात. शुद्ध ठरवावे तर हजारो जुने प्रोग्रॅम एका रात्रीत अशुद्ध होतात. मराठी शुद्धलेखनाच्या सभांचे इतिवृत्त वाचलेल्याला हे दृश्य डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. शेवटी एडिंबरोची बोली पायाभूत धरून, तिच्यातल्या धूसर जागा शक्य तेवढ्या उजळून, १९९५मध्ये ‘सर्वसाधारण गाभा’ हा मानकाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. मोठे प्रोग्रॅम विभागांत कसे बांधावेत हे सांगणारा दुसरा भाग २०००मध्ये आला. त्याला फारसे कुणी विचारले नाही. सगळ्यांनी आपापल्या जुन्या रीती चालू ठेवल्या.

आता सुरुवातीच्या ‘नाही’कडे येतो.

प्रोलॉगमध्ये ‘अमुक नाही’ हे स्वतंत्रपणे सिद्ध करता येत नाही. अमुक सिद्ध करण्याचा प्रयत्न करायचा आणि तो फसला की ‘नाही’ म्हणायचे, अशी रीत आहे. किथ क्लार्क यांनी १९७८मध्ये या रीतीला तार्किक बैठक दिली. त्याच वर्षी, त्याच ग्रंथात, रेमंड रायटर यांनी तिच्यामागचे गृहीतक नाव देऊन मांडले. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच जग, त्यापलीकडे काही नाही, असे ‘बंद जगाचे’ ते गृहीतक. रेल्वेच्या वेळापत्रकाला ते शोभते. वेळापत्रकात गाडी नसेल तर गाडी नाही.

पण सोयरिकीचा नियम पुन्हा पाहा. ‘भाऊबंद नसतील तर सोयरीक जमते.’ समजा एका कुळाचे देव किती, याची नोंद करायची राहून गेली. आता ते कुळ कुणाचे भाऊबंद आहे हे सिद्ध होणार नाही. सिद्ध होत नाही म्हणून ‘भाऊबंद नाही’, आणि भाऊबंद नाही म्हणून यंत्र खुशाल सांगते, ‘सोयरीक जमते’, आणि तीही सगळ्यांशी, अगदी सख्ख्या भाऊबंदांशीसुद्धा. याहून वाईट म्हणजे, नियम लिहिणाऱ्याने ‘देव’ऐवजी चुकून ‘दैव’ टंकले, तर ‘दैव’ नावाची एकही नोंद अस्तित्वात नसल्याने गावात कुणीच कुणाचे भाऊबंद राहत नाही. एडिंबरो घराण्यातल्या जुन्या प्रणाली अशा वेळी चकार शब्द काढत नसत. ज्या नावाची नोंदवहीच नाही तिच्याबद्दल विचारले तरी त्यांचे उत्तर साधे, शांत ‘नाही’ असे.

मानकाने इथे स्पष्ट भूमिका घेतली. ज्या नावाची एकही नोंद वा नियम यंत्राला ठाऊक नाही, त्याबद्दल विचारले तर ‘नाही’ म्हणायचे नाही. ‘अशी गोष्ट माझ्याकडे अस्तित्वातच नाही’ अशी चूक जाहीर करून थांबायचे. हवे तर हे वर्तन बदलता येते, पण काही न सांगता मिळणारे वर्तन हेच. आणि एखादी नोंदवही सध्या कोरी आहे पण ती आहे, असे असेल तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते आधी मोठ्याने सांगायचे. तसे सांगितलेल्या कोऱ्या वहीबद्दल मात्र ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिक ठरते, कारण वही आहे आणि ती पाहिली आहे.

आपल्या दर्शनपरंपरेत या मुद्द्याला जुने नाव आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घटाचा अभाव कळतो. नैयायिकांना ते वेगळे प्रमाण म्हणून मान्य नाही, पण तो वाद इथे नको. महत्त्वाची आहे ती अट : अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. १९९५च्या मानकाने केले ते एवढेच, की खोलीत दिवा आहे का ते आधी पाहायला सांगितले. ‘प्रमाण’ या मराठी शब्दात मोजमाप, पुरावा आणि सर्वमान्य रूप हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात, हे इथे फार सोयीचे पडते. अर्थात यावरून ‘प्राचीनांना प्रोलॉग ठाऊक होते’ असले काही कुणी काढू नये. १९८५मध्ये रिक ब्रिग्ज यांनी संस्कृत आणि ज्ञानाची मांडणी यांवर एक निबंध लिहिला, त्याचे पुढे ‘संगणकाला संस्कृतच सर्वांत योग्य’ असे जे झाले ते आपण पाहतोच आहोत.

मानकाने अर्धा घट मात्र शिवला नाही. नोंदवही आहे, दहा कुळांची नोंद आहे आणि अकराव्याची राहिली आहे, अशा वेळी प्रमाण प्रोलॉगही निमूटपणे ‘नाही’च म्हणतो. नोंदवही पूर्ण आहे की अपुरी, हे ठरवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते माणसांनाच ठरवावे लागते. त्याची सर्वांत मोठी परीक्षा मी धानोरा तालुक्यात झालेली पाहिली.

इथल्या जंगलावरचे गावांचे वापरहक्क जमीनदारीच्या काळापासून निस्ताराच्या नावाने चालत आले होते. कागद मात्र वनखात्याचा. त्या कागदावर नाही म्हणजे हक्क नाही, हे बंद जगाचे गृहीतक कुणी न मांडताच लागू होते. २००६च्या वनहक्क कायद्याने आणि २००८च्या नियमांनी ते सैल केले. नियम तेराने पुराव्यांची जी यादी दिली तिच्यात सरकारी दस्तऐवज आहेत, तशाच घर, बांध, विहीर, स्मशान, देवस्थान या जागेवर दिसणाऱ्या खुणा आहेत, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाबही आहेत. यांपैकी एकाहून अधिक पुरावे पाहायचे. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली : उपग्रहाची छायाचित्रे इतर पुराव्यांना जोड म्हणून चालतील, त्यांची जागा घेणार नाहीत. म्हणजे चित्रात दिसले नाही, एवढ्यावरून ‘नाही’ म्हणता येणार नाही. धानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवरच्या मेंढा (लेखा) गावाला याच कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आता परवाना ग्रामसभा लिहिते. मेंढ्याची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. कुणी एक जरी गप्प राहिला तरी त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ विचारावा लागतो.

प्रोलॉगच्या जगात आज काय स्थिती आहे? मुक्त आणि व्यापारी मिळून अनेक प्रणाली नांदत आहेत. ॲम्स्टरडॅममध्ये १९८७मध्ये यान वीलेमाकर यांनी सुरू केलेला एसडब्ल्यूआय-प्रोलॉग सर्वाधिक वापरला जातो, आणि त्याच्या सातव्या आवृत्तीने दुहेरी अवतरणाचा अर्थ व यादीचे अंतर्गत चिन्ह बदलून मानकापासून जाणीवपूर्वक फारकत घेतली. त्यामागची कारणे व्यवहार्य आहेत, पण पाठ्यपुस्तकातली काही जुनी उदाहरणे त्यात अडतात. उलट स्क्रायरसारख्या नव्या प्रणाली मानकाशी काटेकोर राहण्याचा आग्रह धरतात. व्हिएन्नाचे उलरिश नॉइमेर्केल वर्षानुवर्षे शेकडो बारीक चाचण्या घेऊन कोणती प्रणाली कुठे चुकते याचा तक्ता ठेवत आले आहेत. मानकाची अधिकृत प्रत विकत घ्यावी लागते. कुणी किती पाळतो हे तपासणारा तक्ता मात्र फुकट पाहता येतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे. एडिंबरोच्या रीतीत चलाचे नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होते आणि स्थिर नाव लहान अक्षराने. मानकाने तीच रीत घेतली. आपल्या लिपीत लहान-मोठे अक्षर हा भेदच नाही. त्यामुळे ‘कुळ’ हे नेहमीच स्थिर नाव ठरते आणि चल म्हणून वापरायचे तर त्यापुढे अधोरेषा जोडावी लागते. फक्त अधोरेषेनेच चल ओळखण्याची सोय बेल्जियमच्या बीआयएम प्रोलॉगमध्ये पूर्वी होती, ती एसडब्ल्यूआयने पुढे ऐच्छिक म्हणून घेतली. दुसरी अडचण ‘धानोऱ्या’तल्या ‘ऱ’ची आहे. युनिकोडमध्ये तो एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ला नुक्ता जोडून दोन संकेतांकांनीही. युनिकोड दोन्ही सारखेच मानते आणि डोळ्यांनाही फरक दिसत नाही. पण प्रोलॉगला ही दोन वेगळी नावे वाटतात. एका कळफलकावर टंकलेल्या ‘धानोऱ्याच्या’ नोंदी दुसऱ्या कळफलकावरून विचारल्या, तर वही समोर असते, नोंदही असते, आणि प्रमाण प्रोलॉग मानकाला धरूनच उत्तर देतो : ‘नाही’.